आनंदीच्या नावाची पाटी

वारजे, पुणे
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. ऋतुजा,
आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. टाकी धुऊन घेतली, लिफ्ट परत बंद. फोनवर तू बोलूच देत नाहीस, लगेच "मावशी, मीटिंग आहे." म्हणून लिहिते. अक्षर लावून घे.

तुझी आई गेल्यापासून सोसायटीचं तिचं पद तसंच होतं. कमिटीने परवा मला नेमलं. वरचा रणजित म्हणाला, "अभिनंदन, चेअरमनबाई!" मी म्हटलं, "का रे, माझ्या नवऱ्याला कधी केलंत चेअरमन?"

तू म्हणशील चेअरवुमन म्हणा, चेअरपर्सन म्हणा. आनंदीला तू तशी पितळी पाटी करून पाठवली होतीस. तिने ती गव्हाच्या डब्यात ठेवली. टेबलावर कशी ठेवणार? निवडून आली ती, खुर्चीत तुझे बाबा. साहेब बोलणार, ही चहा देणार आणि दाखवतील तिथे सही करणार.

आता तुझ्या बाबांनी, दीनानाथरावांनी, ती पाटी शोधून काढली आहे. चिंचेने घासतात. मीटिंगला पार्किंगमध्ये बरोबर आणतात, मधल्या खुर्चीपुढे मांडतात, स्वतः बाजूला बसतात. प्रत्येक विषयाला तिकडे वळून विचारतात, "मॅडम, आपलं काय म्हणणं?" आणि थांबतात.

आज मी सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले. लाड किती करायचे? लिफ्टचा विषय निघाला. ते वळले. "मॅडम, आपलं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "नवी बसवा."

ते हळूच म्हणाले, "इंदुबाई, तुम्हाला नाही विचारलं."

कुणी हसलं नाही. सगळेच थांबले, रणजितसुद्धा. आणि माझ्या पाठीशी बांगड्या वाजल्या. ती सही करायला वाकली की वाजायच्या, तशा. कुणाच्या किल्ल्या असतील. मी असलं काही मानत नाही.

पण उठले.

बाबांना डॉक्टरकडे न्या, असं सगळे म्हणतात. ने. पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. मला ती खुर्ची हवी आहे गं. चौथी शिकलेल्या बाईला परत कोण देणार आहे? पण ती रिकामी नाही. तू ये. आईला सांग, बोलायचं तर आता बोल, नाहीतर ऊठ. माझं ती ऐकत नाही.

तोवर उभ्यानेच मीटिंग घेणारी,
तुझी इंदुमावशी