मोठ्याने मागवलेलं पुस्तक

बुधवार, मुलुंड

प्रशिक्षणासाठी दिलेल्या पुस्तकातलं वाचकांच्या खासगीपणावरचं प्रकरण आज दुपारी ग्रंथालयाच्या काउंटरवर वाचलं आणि सावंतबाई आठवल्या. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे हळूच घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक मागितलं होतं. मी सवयीने मदतनिसाला हाक मारली, "नंदा, घटस्फोटाचं पुस्तक काढ गं." पेपर वाचणाऱ्या सगळ्यांनी वर पाहिलं. "राहू दे," म्हणून बाई निघून गेल्या.

बावीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. तेव्हा काहीच कसं खटकलं नाही? ती हाक दुपारभर कानात राहिली. फोन करून माफी मागणार होते, पण त्यांच्या नवऱ्याने उचलला तर?

पाच वाजता त्या स्वतःच आल्या, पाककृतींचं पुस्तक परत करायला. मी कायद्याचं पुस्तक स्वतः काढून पालथं त्यांच्यापुढे ठेवलं. "मागे चुकलं माझं," म्हटलं.

त्यांनी पुस्तक जवळ ओढलं. "माझ्या नावावर लिहावं लागेल?"

"इथेच वाचलंत तर नाही. आत माझ्या खोलीत बसा."

बंद करायच्या वेळेपर्यंत त्या वाचत होत्या. जाताना म्हणाल्या, "उद्या तुम्हीच असता ना?"

उद्या माझी रजा होती. "असते," म्हटलं.