आबांची मोटार आणि कळशीभर पाणी

वडगाव मावळ,
ता. १४ फेब्रुवारी १९३९

प्रिय नंदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच ठेवून देशील असं वाटलं, म्हणून पत्ता कचेरीतल्या दुसऱ्या कारकुनाकडून लिहून घेतला. एवढी लबाडी केली आहे. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. घरी नवीन काही वाईट झालेलं नाही. व्हायचं ते गेल्या महिन्यात झालं, थोरला भाऊ गेला. आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू माहेराहून, वराळ्याहून आलीस, विठावहिनीजवळ ओसरीवर बसलीस, तिला दोन घास खायला लावलेस आणि उन्हं उतरायच्या आत परत गेलीस. माझ्याशी बोलली नाहीस. मीही बोललो नाही. पावणेदोन वर्षांत मी तुला न्यायला दोनदा आलो आणि दोन्ही वेळा तू एकच विचारलंस, तुम्ही तिथंच होता ना? मी चहा पिऊन परत आलो.

आबा कसे गेले ते तुला लोकांनी सांगितलं असेल. लोक म्हणतात, गडी मर्दासारखा गेला, मोटारीपाशी गेला. मी तिथं होतो. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर पाहुणे उतरायचे होते, त्यांना स्टेशनवरून न्यायचं काम मिळालं होतं. सकाळची थंडी, इंजिन लागेना. गेणू ड्रायव्हर आत बसलेला आणि आबा पुढं उभं राहून हँडल मारत होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. विसाव्या-पंचविसाव्या वेळी ते खाली बसले. मला वाटलं, दम खायला बसले. जवळ गेलो तर हँडल मुठीत तसंच होतं आणि बोटं सुटत नव्हती. ती एकेक सोडवताना माझ्या हाताला मोटारीचं काळं तेल लागलं. ते राखेनंही जात नाही. आबांना मुलगा नाही, म्हणून सगळी क्रिया माझ्याकडे आली. दहाव्याला भाताचे पिंड वळले तेव्हाही माझ्या नखांत ते तेल होतं. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. शिसारी आली. तीच अजून गेलेली नाही.

तू घरात असताना या मोटारीबद्दल आपण दोघं कधी मोकळं बोललो नाही. आबा थोरले, त्यांनी मला शिकवलं, कचेरीत चिकटवलं, आपलं लग्न करून दिलं. त्यांच्यापुढं बोलायची मला सवयच नव्हती. पाच वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या त्या शेठनं नवी गाडी घेतली आणि जुनी आबांना दिली, तेव्हा मीच कागद केला. बैलजोडी आणि छकड्याच्या किमतीत सात माणसांची विलायती मोटार. चामड्याच्या गाद्या, आत फुलं ठेवायला चांदीची नळी, मागं बसलेल्यानं ड्रायव्हरशी बोलायचं तर भोंगा. आबा म्हणाले, "भिमा, आरं फुकाट मिळाली." मलाही तसंच वाटलं. शेठनं ती का दिली असेल, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. शेठकडे पगारी मेस्त्री होता. आपल्याकडे विठावहिनी होती, ती गाडीचे पत्रे राखेनं घासायची.

त्यानंतरचं तू पाहिलंसच. गॅलनभर पेट्रोलात सात-आठ मैल. टायर मुंबईहून रेल्वे पार्सलनं यायचे आणि आपल्या रस्त्यावर दोन पावसाळेही टिकायचे नाहीत. एका दातेरी चाकासाठी विलायतेला पत्र गेलं, ते चाक बोटीनं यायला साडेचार महिने लागले, आणि आलं ते दुसऱ्याच सालच्या गाडीचं. लोणावळ्याचे इब्राहिम मेस्त्री प्रामाणिक माणूस. ते प्रत्येक वेळी सांगायचे, "आबासाहेब, हिला राजाचं घर पायजे. तुमच्याकडं ही उपाशी मरेल, नायतर तुम्ही मराल." आबा हसायचे आणि आणखी काहीतरी विकायचे. आधी म्हैस गेली, मग वहिनीच्या पाटल्या. पेट्रोलचे डबे आबांनी तांदळाच्या कणग्यांच्या खोलीत ठेवले, कारण बाहेर चोरीला जातील. त्या वर्षी आपल्या आंबेमोहोराला घासलेटासारखा वास सुटला. पाहुणे पानात भात तसाच ठेवून उठले. आपल्या घरचा आंबेमोहोर, नंदा. मावळात राहून आपण त्या साली बाजारातून तांदूळ आणून खाल्ला.

पावसाळ्यात त्या गाद्यांना बुरशी यायची. हिरवी, केसाळ. तू नाकाला पदर लावून ती पुसायचीस. एकदा मागची गादी उचलली तर खाली उंदरांची पिल्लं निघाली, गुलाबी, डोळे न उघडलेली, आणि आबांनी ती चिमट्यानं उचलून फेकली आणि त्याच चामड्यावरून हात फिरवत म्हणाले, बघ कसं मऊ हाय. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुळशीपुढं तेलाचा काळा डाग पडला होता, त्यावर तू रोज शेण टाकायचीस आणि रोज तो वर यायचा. पारावरची माणसं विचारायची, "आबा, थोरलीला काय घातलं? अन् धाकटीला?" धाकटी म्हणजे मोटार. आबा न रागावता सांगायचे, "थोरली भाकर खाती. धाकटीला पेट्रोल लागतं." विठावहिनी हे सगळं आतून ऐकायची.

आता रतनच्या लग्नाचं लिहितो. ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, पण मला ते क्रमानं लिहायचं आहे. आबांची एकुलती एक मुलगी. नवरदेव इंदुरीचा. वैशाखातलं ऊन. आबांनी हट्ट धरला की नवरदेव आपल्या मोटारीतून येईल. सातांच्या गाडीत अकरा माणसं भरली आणि ती धापा टाकत आपल्या शिवेवर येऊन उभी राहिली. गेणूनं वरचं झाकण उघडलं. आतून वाफ आणि सूं सूं आवाज. तुम्ही बायका ओवाळणीचं ताट आणि कळशा घेऊन उभ्या होतात. वऱ्हाडाचे बैल शिवेवर आले की त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, हा आपला रिवाज. तू चारी चाकांवर पाणी घातलंस. मग पुढं येऊन त्या उघड्या इंजिनाकडे बघितलंस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. लांबून पळत आलेल्या जनावराकडे बघावं तसं तू बघितलंस. "काय तापलंय बिचारं," म्हणालीस आणि उरलेली कळशी त्याच्यावर ओतलीस.

टाण्‌ असा एकच आवाज झाला. पुढं काय झालं ते आबांनी पन्नास माणसांत ओरडून सांगितलं. माझं इंजन मारलं हिनं. हिच्या बापानं कधी सायकल तरी बघितली व्हती का? वऱ्हाडी हसले. तुझे वडील आपल्या पाहुण्यांतच उभे होते, त्यांनी पागोटं सारखं केल्यासारखं केलं आणि ते मागं सरकले. तू माझ्याकडे बघितलंस. मी माझ्या वहाणांकडे बघत होतो. लग्न लागलं, तू पंगतीत शेवटपर्यंत वाढलंस आणि दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर गेलीस.

ते तडकलेलं धूड मुंबईला गेलं. तिथल्या कारखान्यात ते सांधायला आठ महिने लागले आणि ओढ्याकाठचं भाताचं मोठं खाचर गेलं. सांधून आल्यावरही ते गळत राहिलं. आबा सांध्यावर साबण आणि हळद लावायचे. हळद, नंदा. माणसाच्या जखमेवर लावावी तशी. तुला बोलल्याचं त्यांना वाईट वाटत होतं की नाही, ते मला कळलं नाही. एकदाच जेवताना म्हणाले, "पोरीचा हात चांगला व्हता. पिठलं तिच्यासारखं कुनाला जमत न्हाई." मला तेव्हा बोलता आलं असतं. मी ताक मागितलं.

दहाव्याला आम्ही इंदुरीच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे होते, पण शिवेनात. भावकी एकेक सांगू लागली. विठाबाईला अंतर देणार नाही. कावळा नाही. रतनला दिवाळीला माहेरी आणू. नाही. ऊन चढलं. सगळे माझ्याकडे बघू लागले, धाकटा भाऊ, तू काहीतरी बोल. मला काय बोलायचं होतं ते मला ठाऊक होतं. मी कावळ्यांकडे बघत राहिलो. शेवटी गेणू पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आबा, तुमची मोटार कुनी इकणार न्हाई." कावळा खाली आला आणि पिंडाला चोच लावून गेला. माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, बघा, जीव कशात गुंतला होता. बायको, पोर, घर, यातलं काही नाही. मला नदीत उतरून तोंड धुवावंसं वाटलं.

तेव्हापासून गाव मला विचारतं, मोटार कधी सुरू करतोस? नवे टायर हवेत, बॅटरी हवी, सांधा पुन्हा उघडलाय. राहिलेलं खाचर विकलं तर होईल. गेणू रोज सकाळी येऊन ती पुसतो. गेल्या मंगळवारी मी लोणावळ्याला जाऊन इब्राहिम मेस्त्रींना बोलावून आणलं. मोटार विकायची नाही असं वचन आहे. मी ती विकली नाही. पै न घेता मेस्त्रींना देऊन टाकली, तसा कागद केला आणि वहिनीनं त्यावर अंगठा केला. कचेरीत एवढी वर्षं काढल्याचा इतकाच उपयोग. चार बैल जुंपून मेस्त्रींनी ती ओढून नेली. गेणू रडला. त्याला मेस्त्रींनी कामावर घेतलं आहे. अंगणातली माती मी हातभर खणून काढली. खालपर्यंत काळी होती.

त्याच दिवशी मी वहिनीला जे सांगितलं ते आता तुला सांगतो. लग्नाच्या महिनाभर आधी मी गाडीबरोबर लोणावळ्याला गेलो होतो. तेव्हा मेस्त्री मला म्हणाले होते, "भिमाजीभाऊ, एक ध्यानात ठेवा. तापलेल्या लोखंडावर गार पाणी कधी नाय. तडकेल. मग ते कोणी जोडत नाय." मी ते आबांना सांगितलं, गेणूला सांगितलं. तुला सांगायचं सुचलं नाही. शिवेवर तू कळशी उचललीस तेव्हा मी तुझ्यापासून दोन पावलांवर होतो. हात लांब केला असता तर कळशी धरता आली असती. नुसतं "थांब" म्हटलं असतं तरी तू थांबली असतीस. मी ते म्हणालो नाही. माझ्या मनात आलं, मरू दे एकदाची. तुझ्या हातून मरू दे म्हणजे मला काही करायला नको. तुला दया आली होती. मी वाट बघत होतो. आणि मग आबा तुला आणि तुझ्या वडिलांना बोलले तेव्हाही मी तिथंच होतो. घाटावर मला हेच बोलायचं होतं. त्या मोटारीची मला किळस आहे असं मी वर इतकं लिहिलं, ते खरं आहे. पण निम्मी किळस माझी मलाच आहे. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, तुमी बघत व्हता ते मी तवाच बघितलं व्हतं. मीबी बोलले न्हाई. नंदाला आना." तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मी तिथंच होतो. हे पत्र तुझं वाचून झालं की तुझ्या वडिलांना मोठ्यानं वाचून दाखव, शेजारी कुणी असेल तर त्यालाही बसव. रविवारी मी वराळ्याला येतो, छकडा घेऊन. तुला यायचं नसेल तर घरातच थांब, मी शिवेवरून परत जाईन आणि कुणाला काही विचारणार नाही. यायचं असेल तर कळशी भरून शिवेवर घेऊन ये. बैल चालून तापलेले असतील.

तुझाच,
भिमाजी