हरीभाऊंची दुर्बीण

मुक्काम आइंडहोवनजवळचं खेडं, नेदरलँड
दिवाळी उरकल्यावरचा सोमवार, २०२०

चिरंजीव मनोहर यास,

तुझ्या आक्काचे पोटभर आशीर्वाद, त्यातले निम्मे साधनाला दे. तू, साधना, दोन्ही म्हशी आणि तो लंगडा कुत्रा, सगळे तोंडं बांधून खुशाल असाल (म्हशींना माफ आहे). माझी तब्येत उत्तम. फेब्रुवारीत महिनाभरासाठी म्हणून लेकाकडे आले आणि विमानंच बसली. आता उडतात म्हणे, पण यशोधन म्हणतो, आई, तुझं वय बघता आत्ता नको. माझं वय तो बघतो, मी बघत नाही, म्हणूनच मी उत्तम आहे. पत्र नीलांबरी लिहून देतेय. तुझ्यासारखी मी चौथी शिकले नाही (तुझं दप्तर मात्र वहाळापलीकडे मीच वाहत होते, म्हणजे अर्धी चौथी माझीच), तेव्हा शब्द माझे आणि अक्षर सूनबाईचं. अक्षर फार मोठं काढलंय असं तुला वाटेल. तसं मीच सांगितलंय. पुढे ते बारीक होत जाईल, कारण कागद पुरवायचा आहे आणि मला बोलायचंय पुष्कळ.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर मी तुझ्या डोळ्यांचा विषय काढला रे काढला की तू खणखणीत आवाजात "आक्का, आवाज तुटतोय गं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राचा आवाज तुटत नाही. पण घाबरू नकोस, डोळ्यांबद्दल मी यात चकार शब्द काढणार नाही. बांधावरच्या बुजगावण्याला तू रामराम घातलास आणि त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून घरी येऊन तणतणलास, हे मला साधनानं सांगितलेलंच नाही. रात्री डुकरं हाकायला जाताना त्या बिनकठड्याच्या विहिरीत तुझा एक पाय गेला होता, हेही नाही. "शिकाऱ्याची नजर आहे ही, हिला काय होतंय?" हे तुझं म्हणणं मला पाठ आहे. मी आज फक्त शेजाऱ्याची गोष्ट सांगणार आहे. योगायोगानं तोही शिकारीच आहे, त्याला मी काय करू?

आमच्या कुंपणापलीकडे हारी नावाचे गृहस्थ राहतात. मी हरीभाऊ म्हणते, ते ओ देतात. बायको वारली, लेक शहरात, घरात एक कुत्रा आणि भिंतीवर पाचपन्नास शिंगं. तुझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठे, पण काठी नाही, सायकलवरून हिंडतात (इथे माणूस सायकलवरून उतरला की समजायचं, फार आजारी आहे). मागे मक्याचं शेत आणि त्याच्या मागे जंगल. जंगल म्हणजे आपल्या दृष्टीनं बागच, झाडं शाळेच्या पोरांसारखी रांगेत उभी. त्यात हरणं असतात, आपल्या भेकराएवढी. वाघबिबट्या काही नाही, त्यामुळे ती वाढतात आणि गाड्यांखाली येतात. म्हणून सरकारच मोजून सांगतं, यंदा एवढी मारा. आपल्याकडे शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा बाबांनी ठासणीची बंदूक ठाण्यात नेऊन दिली आणि दोन दिवस जेवले नाहीत, आठवतंय? बरंच झालं म्हणा, नाहीतर तुम्ही बापलेकांनी सड्यावर शिंगवालं म्हणून फक्त बैल शिल्लक ठेवले असते.

ओळख झाली ती वाट्यावरून. मे महिन्यात मी कुंपणाशी मेथीला पाणी घालत होते, तर हरीभाऊ सायकलच्या मागच्या गाड्यावर हरीण घालून आले. हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी. मी थबकलेच. बाबाही पडलेल्या जनावराच्या तोंडाशी पाला धरायचे आणि मग कपाळाला हात लावायचे. नंतर कळलं, इथेही जुने शिकारी तसंच करतात, त्याला शेवटचा घास म्हणतात. आता मला सांग, शिकार घरी येताना वाटेत जो उभा असेल त्याचा वाटा, हा आपला रिवाज की नाही? मी डबा घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. मास्क लावून, दीड मीटर लांब, इथला नियम पाळून. हरीभाऊ डब्याकडे बघतायत, मी हरणाकडे बघतेय. यशोधन वरच्या खिडकीतून ओरडतोय, "आई, इथे असं मागत नाहीत!" मी म्हटलं, मागतंय कोण, माझा आहे तो. हरीभाऊंना काय उमगलं देव जाणे, आत गेले, सुरी आणली आणि फऱ्याचा हा एवढा तुकडा डब्यात घातला. मागाहून आमच्या नातीनं, भार्गवीनं, त्यांच्या भाषेत विचारून सांगितलं, त्यांच्या आईच्या काळी या गावातही काळीज शेजारी जायचं. आता सगळं पिशवीत बंद करून, वर चिठ्ठी चिकटवून गोठवतात. वाटा मागायला कोणीतरी आलं, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

(सूनबाई, आता जरा बारीक लिही.) नीलांबरीच्या स्वयंपाकघरात मटण चालत नाही. म्हणून मी ते सायकली ठेवायच्या खोपटात विजेच्या शेगडीवर शिजवलं. अजून त्या सायकलींना मालवणी मसाल्याचा वास येतो आणि यशोधन दुकानात सायकल लावून आत गेला की बाहेर आल्यावर कुत्रे जमलेले असतात. (हे खोटं आहे. एकच कुत्रा होता. — नीलांबरी.) हरीभाऊंनी रस्सा खाल्ला, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, आणि ताट पुन्हा पुढे. तेव्हापासून संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे त्यांची, आणि मध्ये भार्गवी, तिला कंटाळा येईपर्यंत.

काय सांगू तुला त्यांचं दुःख! लेकीनं वाढदिवसाला एक यंत्र दिलंय, अंधारात लावलं की जनावराची ऊब दिसते. झाडाला कॅमेरा बांधलाय, हरीण आलं की त्याचा फोटो फोनवर येतो. न वाजणारी विजार आहे, माणसाचा वास घालवणारा फवारा आहे, बंदुकीचा आवाज गिळणारी नळी आहे. हरीभाऊ म्हणाले, पूर्वी मला हरणाची ओळख असावी लागायची, ते कुठे निजतं, वारा कुठला असताना कुठून येतं, सगळं. आता पोरं घरी बसून फोनमध्ये हरीण बघतात आणि मग ठरलेल्या वेळेला जातात, जशी डॉक्टरची वेळ घेतलेली असावी. मला पटलं. मी म्हटलं, तुमच्या बंदुकीला आता डोळे आहेत, कान आहेत, नाक आहे, फक्त भूक तेवढी नाही. भार्गवीनं ते सांगितल्यावर म्हातारा एवढा हसला की त्याची टोपी पडली. ते स्वतः अजून वडिलांची लाकडी दस्त्याची बंदूक, हिरवा लोकरी कोट आणि जुनी दुर्बीण घेऊन जातात. लेकीचं यंत्र खोक्यात. का, तर म्हणाले, "मला नको. शिकाऱ्याची नजर आहे."

मनोहर, शपथ घेऊन सांगते, हे शब्द त्यांचेच आहेत. मी तुझे त्यांच्या तोंडी घातलेले नाहीत. फक्त तोवर मला दिसलं होतं की हरीभाऊ चहाच्या कपाशेजारी टेबलावर चहा ओततात.

आता खरा प्रसंग. (अजून बारीक गं सूनबाई.) श्रावणाच्या सुमारास इथे हरणांच्या नरांना माज येतो. तेव्हा झाडाचं पान ओठात धरून असं वाजवतात की नराला मादीचा आवाज वाटतो. आता त्याचीही प्लास्टिकची पिपाणी मिळते, पण हरीभाऊ पानच वाजवतात. मला बघायचं होतं. यशोधनला विचारलं असतं तर त्यानं आधी इन्शुरन्सवाल्याला विचारलं असतं, म्हणून पहाटे मी लुगड्यावर सुनेचा रेनकोट चढवला आणि गेले. रानाच्या कडेला उंच माळा आहे, शिडीचा. हरीभाऊ वर आणि मी खाली घडीच्या खुर्चीत, म्हणजे दीड मीटरही झाला. भार्गवी नव्हती, पण भाषा लागतेच कुठे? शिकारीत बोलायचं नसतंच. दोन बोटं कपाळाला म्हणजे शिंगवाला, मूठ म्हणजे थांब, तळवा जमिनीकडे म्हणजे मारू नको. हाक्याला डबा बडवायला तुमच्याबरोबर येत होते तेव्हा बाबांनी शिकवलेल्या खुणा, त्या इथे जशाच्या तशा.

धुकं होतं. हरीभाऊंनी पान वाजवलं. पुन्हा वाजवलं. आणि नेच्यांच्या झुडपात काहीतरी तपकिरी हललं. वर बघते तर म्हातारा उभा, दुर्बीण खाली, बंदूक खांद्याला, आणि मला दोन बोटं कपाळाला लावून दाखवतोय, शिंगवाला! मीही बघितलं. तपकिरी होतं खरं. डोक्यावर दोन्ही बाजूंना काहीतरी काळं होतं, तेही खरं. फक्त ते हरीण पुटपुटत होतं. मी असा तळवा आपटला हवेत की खांदा अजून दुखतो. आणि हरीभाऊंची बंदूक त्या क्षणी खाली आली. का, कसं, काही नाही. खूण झाली की बंदूक खाली, एवढा जुना माणूस तो.

तो आमचा यशोधन होता. तैवानच्या लोकांशी त्याची पहाटेची मीटिंग चालली होती. वरच्या खिडकीतून त्याला दिसलं की आई बंदूकवाल्याबरोबर रानात चाललीय. आई सोडवेना आणि मीटिंगही सोडवेना, म्हणून अंगावर तपकिरी टॉवेलचा झगा आणि कानांवर ते मोठे काळे हेडफोन, तसाच निघाला. वाटेत बदकं आडवी आली, त्यांना घाबरून नेच्यांत बसला. आणि तिथून त्या लोकांना सांगत होता की त्याचा नेट जरा अडखळतोय. झगा बघून मला हसू आलं रे, पण ते घरी आल्यावर. हरीभाऊ शिडीवरून एकेक पाय चाचपत उतरले, बंदुकीतली गोळी काढून खिशात ठेवली आणि खुर्चीत, म्हणजे माझ्या खुर्चीत, बसून राहिले. यशोधनला हे अजून माहीत नाही. त्याला वाटतं, आम्ही दोघं त्याच्या झग्यावर गप्प झालो. (सूनबाईला आत्ता लिहिताना कळलं. ती थांबलीय. लिही गं, झालं ते सुखरूप झालं.)

दुसऱ्याच दिवशी हरीभाऊ हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. करोनामुळे थांबावं लागलं, पण सप्टेंबरात एक झाला, ऑक्टोबरात दुसरा. पट्टी सुटल्यावर कुंपणाशी आले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि भार्गवीला काहीतरी म्हणाले. ती सांगेना. दटावल्यावर म्हणाली, "आजी, ते म्हणतात, त्यांना वाटलं होतं तू साठीची आहेस." मी दोन दिवस खुर्ची टाकली नाही. त्यांचा हिरवा कोटही हिरवा नव्हता, कधीच राखाडी झाला होता. पडदे त्यांनी त्याच दिवशी धुतले.

आता ते पुन्हा माळ्यावर जातात. पान तेच, टोपी तीच, शेवटचा घास तोच. लेकीचं यंत्र अजून खोक्यात आहे, आणि त्याबद्दल मी त्यांच्याच बाजूची. नवं सगळं घ्यावंच असं माझं म्हणणं नाही. तूही घेऊ नकोस. पण डोळा काही दुकानातून आणलेला नवा नखरा नव्हे, तो आईनं दिलेला आहे, तो फक्त पुसून घ्यायचा. माझे नाही का पुसले? चिपळूणच्या शिबिरात मी गेले तेव्हा तूच बरोबर होतास. भिंतीवर तो तक्ता होता, वरची ओळ मोठी आणि खाली खाली बारीक. मला अक्षरं येत नाहीत म्हणून माझ्यासाठी तीन दातांच्या काट्यांचा होता, काटा कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते हातानं दाखवायचं. तू शेजारी उभा राहून मला हळूच खुणा करत होतास. पास केलंस मला, आणि डॉक्टरनं दोघांना झापलं.

बस. चकार शब्द काढणार नाही म्हटलं होतं, थोडे निघाले. यशोधनच्या ऑफिसातली वीणा मायदेशी निघालीय, पत्र तिच्याबरोबर देतेय. म्हशींना कुरवाळ, साधनाशी भांडू नकोस.

तुझी,
आक्का

ता. क. हरीभाऊंनी शेवटी लेकीकडून नवी दुर्बीण तेवढी घेतली आणि जुनी तुझ्यासाठी दिली. कातडी पेटीतली, पितळी कडांची, बाबांना बघायला मिळती तर रात्रभर उशाशी घेऊन निजले असते. ती माझ्याजवळ आहे. येताना आणीन. पण त्यांची अट आहे, ज्याला तिच्यातून दिसतं त्यालाच द्यायची. अट माझी असती तर मी तुला सूट दिली असती.

ता. क. दुसरं. सूनबाईनं हे मुंगीच्या पायाएवढं लिहिलंय. कागद पुरवायचा होता हे खोटं, घरात कागदांचा ढीग आहे. हे सगळं पत्र म्हणजे तो तक्ता आहे, मनोहर. वरून खाली तू जिथवर आलास तिथवर तुझी नजर. ही ओळ तू स्वतः वाचत असशील तर तू जिंकलास. तुझ्या लेकाला, विराजला, फक्त सांग की ही ओळ कुठल्या रंगाच्या शाईनं लिहिलीय, आणि डोळ्यांचा विषय मी मरेपर्यंत काढणार नाही.

ता. क. तिसरं, पुन्हा मोठ्या अक्षरात. साधना, हे मनातल्या मनात वाच. "ऊन डोळ्यावर येतंय, तू वाच" म्हणून त्यानं पत्र तुझ्या हातात दिलं ना? कुठल्या ओळीला दिलं तिथे नखानं खूण कर, डॉक्टरांना दाखवायला होईल. शाईचा रंग त्याला सांगू नकोस, तुला शपथ आहे. वीणाकडून पत्र घेऊन आलेला तुमचा विराज चहा न घेता अंगणात गाडी चालू ठेवून का उभा आहे, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. मनोहरला म्हणावं, चप्पल घाल. आणि कुठली कुठल्या पायात, ते तू बघ.