सातवी उशी

३ मे १९५३
आले एकदाची! रंगांची पेटी धड पोचली, मीही धड पोचले, आणि मुख्य म्हणजे बाबांच्या जवळ आले. चौदा वर्षं गावोगावच्या चर्चमधल्या भिंती खरवडून खालची जुनी चित्रं उघडी करत हिंडले आणि ते एकटे राहिले. आता जुन्या रुग्णालयाच्या चर्चची भिंत माझ्या वाट्याला आली आहे, आणि चर्चमागच्या लांब दालनात, जिथं गावातले म्हातारे राहतात, तिथंच बाबांची खोली आहे. खोली कसली, लाकडी खोकंच ते. वर छत नाही, त्यामुळे शेजारच्या बोयेकाकांचं घोरणं थेट उशाशी. बाबा म्हणाले, हा गलबतावर असताना धुक्यात भोंगा वाजवायची गरजच पडली नसेल. पलीकडून काका ओरडले, ऐकू येतंय हो हिन्रिक, सगळं ऐकू येतंय!
इथला कारभार सिस्टर तालेकेंच्या हातात. मला बघून म्हणाल्या, अगं गेशे, एवढीशी तू, परांचीवरून वारा उडवून नेईल. मग वाडगाभर ईल माशाचं सूप समोर ठेवलं आणि संपेपर्यंत उठू दिलं नाही.

९ मे
चारशे वर्षांचा चुना आहे, सुरीच्या टोकानं पापुद्रा पापुद्रा काढावा लागतो. खाली खाटा निघाल्या! पूर्वी रुग्ण चर्चमध्येच ठेवत. वेदीकडे तोंड करून ओळीनं खाटा, म्हणजे पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी. चिताऱ्यानं तेच रंगवलंय. सहा चेहरे मोकळे केले. कुणाचा दात पडलेला, कुणाच्या गालावर गळू. संत नाहीत, साधी माणसं आहेत ही.
सातव्या खाटेवर उशी आहे, पांघरुणाबाहेर उजवा हात आहे, पण चेहऱ्याचा गिलावा गळून पडलाय.

१६ मे
आमच्या धंद्यात नियम आहे: गेलं ते गेलं. रिकाम्या जागी साधा करडा रंग भरायचा, मनचं काही काढायचं नाही. मी स्वतः पोरापोरींना हे शिकवलंय. पण बाबा रोज परांचीखाली स्टूल टाकून बसतात. जन्मभर जहाजं बांधली, तेव्हा माझ्या परांचीची एकेक फळी त्यांना चुकीची दिसते. आज बडबडता बडबडता त्यांनी वर पाहिलं, खिडकीतलं ऊन तोंडावर आलं, आणि मला राहवलं नाही. दोन तासांत सातव्या उशीवर काढलं त्यांना! डोळे वेदीकडे, तोंड जरासं उघडं. बाबांना नाक मोठं वाटलं. बोयेकाका म्हणाले, तोंड उघडं काढलंस ते बरं केलंस पोरी, मिटलेलं असतं तर कुणी ओळखलं नसतं.

१७ मे
सिस्टर तालेके दूध घेऊन आल्या आणि भिंतीसमोर थबकल्या. हे हिन्रिकच ना, म्हणाल्या. पुसून टाक, आत्ताच्या आत्ता. त्यांच्या आधीच्या सिस्टरनी त्यांना सांगितलं होतं म्हणे: इथं कुणी गेलं, घंटा झाली, की मगच चितारी यायचा आणि गेलेल्याचं तोंड उशीवर काढायचा, मागे उरलेल्यांना प्रार्थना करता यावी म्हणून. जित्या माणसाचं कधीच नाही. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१९ मे
बाबा उठले नाहीत. डोळे वेदीच्या दिशेनं, तोंड जरासं उघडं, उजवा हात पांघरुणाबाहेर. डॉक्टर म्हणतात हृदय ठणठणीत, छाती साफ, काही कळत नाही बुवा. सूप ओठांच्या कडेनं बाहेर येतं.
योगायोग असेल. वय झालंय.

२१ मे
पापणी लवत नाही. डोळ्यांत थेंब थेंब पाणी घालते. हात ऊन आहे, मऊ आहे, पण हलवता येत नाही. त्यांना सगळं कळतंय. आसवांनी उशी दोन्ही बाजूंनी ओली होते. घाबरलेत हो माझे बाबा! सिस्टर तालेके मला एका शब्दानं बोलत नाहीत, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ मे
पुसता येतील असेच रंग वापरले होते. ओला स्पंज घेतला. आधी डोळे पुसले, निदान झोप तरी लागेल.
धावत गेले. डोळे मिटले होते! रडले, वाकून पापा घेतला आणि —
पापण्या नाहीत. भुवईपासून गालापर्यंत नुसती कातडी. गुळगुळीत. आणि आत काहीतरी इकडून तिकडे फिरतंय, शोधतंय.
सिस्टर म्हणतात, पूर्ण चेहरा पुसून टाक. मी विचारलं, आणि मग त्यांचं काय?

२४ मे
आज पेंटेकॉस्टचा सण. दालनात भूर्जाच्या फांद्या बांधल्यात. प्रार्थना संपून सगळे गेले.
डोळे परत काढायचे. पण कसे होते? आठवेना! चौदा वर्षं. फोटो नाही. बोयेकाका म्हणाले, आरसा घे की वेडे, त्याचेच डोळे तुझ्या तोंडावर आहेत.
आरसा टांगला. डावा डोळा काढला.
दालनातून काकांची आरोळी — उघडला! पापणी लवली! हात हलला!
मी उतरायला लागले आणि पायरी चुकली. डावीकडे अंधार. चाचपून बघितलं. कातडी. गुळगुळीत.
तर असं आहे. मी आत गेले की ते सुटतात.
उरलेलं काढणार. डोळा शेवटी, नाहीतर बाकीचं दिसणार कसं.

तोंड झालं. जुनं पुसलं, माझं काढलं. बाबांनी हाक मारली — गेशे, ए गेशे, कुठं आहेस बाळा —
मला ओ देता आली नाही.

उजवं बुबुळ झालं. ओळी अंधुक. पापणीचे केस राहिलेत, चार फटकारे.
भिंतीवर परत चुना फासायला सांगा. सूप प्या. रडायचं नाही.
बाबांची काठी वाजतेय. इकडेच येतायत. बाबा, नका येऊ, वर भिंतीकडे बघू न