दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू

अहो, काल मुखेडहून तुमच्या शाळेची माणसं इथं लातूरला आली होती, मुख्याध्यापक आणि एक तरुण शिक्षिका. शाळेच्या फाटकाजवळ तुमच्या नावाचा दगड बसवतायत आणि येत्या रविवारी त्यावरचा पडदा मी बाजूला करायचा आहे. फोनमध्ये फोटो दाखवला. वर विमान कोरलंय, तर त्याला ओळीनं दहा-बारा खिडक्या! म्हटलं, "सर, हे प्रवाशांचं विमान झालं. ह्यांच्या विमानात एकच माणूस मावायचा." तर म्हणतात, "आजी, लेकरांना इमान हाय एवढं कळलं म्हंजे झालं." बरं, खिडक्या सोडून दिल्या. पण खाली ओळ होती, 'वीरमातेने हसतमुखाने लेकाला रणांगणावर धाडले.' मी चष्मा पुसून परत वाचली. ओळ तीच होती.

हसतमुखानं! त्या बाईला कुणी विचारलं होतं? पन्नासहून जास्त वर्षं झाली, तुमचं हे निस्तरणं अजून संपत नाही. तुम्ही हवाई दलात लागलात एवढंच मायला ठाऊक, आणि तिथं तुम्ही कचेरीत बसून कागद लिहिता असं तुम्ही सांगितलेलं. शेवटच्या सुट्टीत परत बोलावल्याची तार आली, त्या सकाळी माय चुलीपुढं बसून ओल्या फडक्यावर धपाटे थापतेय. तुम्ही जवळ पाटावर. माय म्हणते, "चार धपाटे जास्तीचे बांधलेत. ते इमानात बसणारं पोरगं असंल की नाही तुमच्या तिथं, त्याला दे. त्याच्या मायला कसं करमत आसंल रे? मी आसते तर पायच धरून बसले आसते." तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "हाव माय, देतो." एवढंच! मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तुमच्या तोंडाकडं बघत होते, आता सांगतील, आता सांगतील. तुम्ही शेंगाची चटणी मागितलीत.

मायनं तुम्हाला ओवाळलं नाही. कचेरीत जाणाऱ्याला कोण ओवाळतं? उंबऱ्यातूनच "नीट जा" म्हणाली आणि तवा धुवायला बसली. मुदखेडच्या रेल्वे स्टेशनापर्यंत तुमच्यासोबत मी एकटीच आले. गाडी हलताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या सुट्टीत मायला सगळं सांगून टाकतो." पुढची सुट्टी!

लढाई सुरू झाली तरी तुमची पत्रं येत होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. तुमची पत्रं शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावी लागली असती तर खोटं उघडं पडलं असतं, म्हणून अक्षर लावत बसायची. वाचनाची सवय लागली ती अशी. तुम्ही लिहायचात, आज दोनदा उड्डाण केलं. मी मायला वाचून दाखवायची, आज दोनदा जेवण चांगलं मिळालं. मग तार आली. पाठोपाठ तुमच्या साहेबांचं पत्र आलं, सोबतच्या वैमानिकानं तुमचं विमान पेटून खाली जाताना पाहिलं होतं. मी मायला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पत्ता चुकला गं. माझं लेकरू हापिसात बसतंय. हे दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू हाय." आणि मग त्या दुसऱ्या बाईसाठी ती जी रडली! "तिला कळवा गं कुणीतरी," म्हणत राहिली. मी सगळं खरं सांगितलं, पत्रं परत वाचली. म्हणाली, "आता तू खोटं वाचून राहिलीस."

बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या तर माय दारात आडवी झाली. "माझा लेक जित्ता हाय, चला निघा!" पुढं अकरा वर्षं ती जगली आणि अकरा वर्षं रोज सकाळी माझ्या कपाळाला कुंकू आहे का बघायची. नांदेडला पेन्शनच्या सरकारी कामाला जायचं तर मी मुखेडच्या स्टँडवर कुंकू पुसायची, कारण तिथं मी तुमची विधवा. परत येताना एसटीतून उतरायच्या आधी पुन्हा लावायची. कंडक्टर एकदा म्हणाला, "बाई, तुमचं नक्की हाय तरी काय?" संक्रांतीला कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही आणि घरी रडायची सोय नव्हती. तुम्ही एका दिवसात सुटलात हो. मी रोज सकाळी तुमच्या खोट्याला टिकली लावत बसले.

तर मी मुख्याध्यापकांना म्हटलं, ती ओळ काढा. ते म्हणाले, "आजी, दगडात कोरून झालंय." म्हटलं, "मग घासून काढा, न्हाईतर मी येत न्हाई." ती शिक्षिका हळूच म्हणाली, "मग खरं काय होतं, आजी?" मी सांगितलं, ह्यांनी आईला विमान चालवतो म्हणून सांगितलंच नव्हतं. सर म्हणाले, ओळ काढतो. जाताना ती पोरगी म्हणाली, "आईला असं फसवायला नको होतं त्यांनी." मी मान डोलावली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. कारण लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत तुम्ही मायला सांगायलाच निघाला होतात. ती ओसरीत डाळ निवडत होती. मीच तुम्हाला आत बोलावून म्हटलं होतं, "हापिसात हाय म्हणा की. त्यांना झोप लागायची न्हाई आन् मलाबी झोपू द्यायच्या न्हाईत." तुम्ही हसलात आणि तसंच सांगितलंत. काल त्या पोरीला मी हे सांगितलं नाही.