तांबडीची जांभई

आई, त्या सकाळी तू स्टोला पंप मारत होतीस आणि मी नळावरचं पाणी आणून पिंपात ओतत होते. बाबा गिरणीतली तिसरी पाळी करून आलेले, केसांत अजून कापसाचे तंतू. उंबऱ्याशी बसून ते बशीतून चहा पितात आणि मोठी, आवाज करणारी जांभई देतात. तू त्यांच्या तोंडासमोर चुटकी वाजवतेस. ती बघून मला जांभई येते, मलाही चुटकी. मग बाहेर गॅलरीत पडलेली तांबडी कुत्री मान वर करते, जबडा पार कानापर्यंत फाकवते, शेवटी बारीक कुंई करते, आणि तू तिच्यासाठीही चुटकी वाजवतेस. बाबा हसले. "अगो, तिचो जीव काय तोंडातसून उडान जातलो?" तू म्हणालीस, "तुमचो रवता तो माझ्या चुटकीनच. तिचोय रवांदे."

त्याच आठवड्यात आपल्या खोलीत सत्यनारायण होता. बाबांना झोप मिळाली नव्हती. भटजी कथा सांगत होते, बाबांनी उपरण्याआड जांभई दिली, आणि उंबऱ्याबाहेर बसलेल्या तांबडीने ती लगेच उचलली, कुंईसकट. पोरं फिदीफिदी हसली. मोठे काका भडकले. भर कथेत कुत्रं जांभया देतं म्हणजे अपशकुन, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मी म्हणाले, "काका, ती बाबांचीच जांभई आहे. त्यांना बघून तिला आली." तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. "गप रव. मुक्या जनावराक काय कळता?"

दुसऱ्या दिवशी काकांनी तिला गोणत्यात घालून शिवडीच्या खाडीकडे नेऊन सोडलं. ती परत आली नाही. काकांवर माझा राग नाही, आई, त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. रोज सकाळी त्या मुक्या जनावरासाठी चुटकी वाजवणारी तूच होतीस. घरातल्या घरात तिला जीव होता, आणि पाहुण्यांसमोर ती नुसतं जनावर झाली? थोरल्या दिरासमोर तुला बोलता येत नव्हतं, हे मला मोठी झाल्यावर कळलं. कळलं म्हणून राग गेला असं नाही.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे, मी त्यातच राहते. माझे हे होते तेव्हा यांनी एका काळ्या कुत्रीला जिन्यात, आमच्या दाराबाहेर, गोणपाट टाकून दिलं. तुझा नियम मी इथेही पाळला, कुत्रं उंबऱ्याच्या आत नाही. हे गेल्यापासून घरात जांभई माझी एकटीचीच. सकाळी दार उघडून दूध घेताना मला जांभई आली की कुत्रीही बाहेरून देते. तेवढ्याने दिवस सुरू होतो. वाचनालयातल्या एका पुस्तकात मी वाचलं की माणसाची जांभई कुत्र्याला लागते, आणि ती का लागते यावर शिकलेल्या लोकांचं अजून एकमत नाही. कोणी माया म्हणतं, कोणी म्हणतं तसं काही नाही. नसू दे. पण लागते, एवढं तरी छापलेलं आहे.

आमच्या मजल्यावर एक मुलगी राहते, रात्रपाळी करून सकाळी येते. लिफ्टमधून उतरते तीच जांभई देत, आणि कुत्री तिला उलट जांभई देते. आज सकाळी मुलीने माझ्या दारात, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर तक्रार केली, "ती रोज मला दात दाखवते." मी म्हणाले, "अगं, तू देतेस म्हणून ती देते. उद्या तोंड मिटून ये, बघ." ती मान हलवून आत गेली. सेक्रेटरी मात्र हसला. "काकी, ती काय तुमची नातेवाईक आहे? मुक्या जनावराला काय कळतं? उद्या माणूस बोलावलाय, लांब नेऊन सोडेल. घरात पाळली असती तर आम्ही कोण बोलणारे, पण जिना सगळ्यांचा आहे."

तुझंच वाक्य, आई, शब्दाला शब्द. इतक्या वर्षांनी ते माझ्याच दारात ऐकलं आणि मला संताप आला. त्याच संतापात दुपारी हे लिहायला बसले. तू आता नाहीस, तुला पोचणार नाही, आणि पोचतं तरी मी धाडलं असतं का, कोण जाणे. दंडावरचा तो चिमटा अजून आठवतो. आणि एक सांगायचं राहिलं. तू इतकं शिकवलंस, पण चुटकी मला अजून वाजवता येत नाही. बोटं नुसती घासली जातात.

काल इथवर लिहिलं होतं. आज सकाळी माणूस यायच्या आधी मी गोणपाट ओढून उंबऱ्याच्या आत घेतलं आणि कुत्रीला हाक मारली. ती आत आली, बसली, तिने जांभई दिली. मी बोटं घासली.