नऊ नऊ नऊ नऊ

६ जानेवारी
सिनेमाचं टायटल साँग मला मिळालं. चाकणच्या कामगारांवरचा सिनेमा, त्याला रॅप. शब्द माझे, आवाज माझा. दिग्दर्शक प्रितम सर म्हणाले, समाधान, गोडवा नको, आग पाहिजे. आग माझ्याकडे आहे. आजपासून कुणालाही घाबरायचं नाही.
आईला इतक्यात सांगायचं नाही. ओरडते.

९ जानेवारी
बीट एहसान करतोय. कासारवाडीत त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे. पत्रा ठोकायच्या हातोडीचा आवाज त्याने फोनवर घेतला, खाली ड्रम लावले. ऐकताना दात हलतात. हुक, म्हणजे सारखी परत येणारी ओळ, मला बसमध्येच सुचला: भीत नाय.
पुढचं अडलं होतं. दुपारी कंपनीच्या गेटसमोर पांढरी गाडी उभी होती. नंबर ९९९९. चार ठोक्यांवर चार नऊ आपोआप बसले.
नऊ नऊ नऊ नऊ, पांढरी गाडी
आमच्या ब्रेकवर याची माडी
नाव कुणाचंच घेतलेलं नाही. कलेत सुचवायचं असतं.

१० जानेवारी
एहसान म्हणाला, भावा, नाव घेतलं असतंस तर चाललं असतं, त्या नावाचे पन्नास सापडतील. नंबर कशाला घेतलास? मी म्हणालो, नंबर हे प्रतीक आहे. तो म्हणाला, तुझ्या प्रतीकातून चार जण उतरतात आणि चौघांची मनगटं माझ्या मांडीएवढी आहेत.
एहसान मुळात भित्रा.
गाडी अण्णासाहेबांची. आमच्या कंपनीला कामगार तेच पुरवतात. मीही त्यांच्याच कॉन्ट्रॅक्टवर आहे. सात महिने भरले की ब्रेक: घरी बसायचं, त्यांच्या ऑफिसातून फोन आला तर पुन्हा आत. माझा ब्रेक मार्चमध्ये आहे. त्याचा गाण्याशी काही संबंध नाही.

२१ जानेवारी
रेकॉर्डिंग झालं. रावेतला एका फ्लॅटमध्ये, भिंतींना गाद्या लावून. ‘पांढरी गाडी’ला आवाज थरथरला. सर म्हणाले, काय राग आहे रे, हाच टेक ठेवू. रागच असेल.

२ फेब्रुवारी
सरांना फोन. म्हणालो, केवळ लयीच्या दृष्टीने नऊऐवजी आठ घेऊ या. सर म्हणाले, फायनल मिक्सच्या आत सांग. आठ आठ आठ आठ कुणाची गाडी आहे का, याची चौकशी केली. अण्णासाहेबांच्या मेव्हण्याची आहे.
नऊच राहू दे. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ फेब्रुवारी
सिनेमा शुक्रवारी लागला, आज उतरला. कलावंत म्हणून दुःख झालं. गाढ झोप लागली.

१९ फेब्रुवारी
गाणं उतरलेलं नाही. पोरं त्यावर रील करतायत. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी ‘नऊ नऊ’ म्हणालं आणि अख्खी बस ‘भीत नाय’ म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नंतर कँटीनमध्ये मास्क लावून बसलो. जेवता आलं नाही.
उद्यापासून मागच्या गेटने जायचं. लांब पडतं, पण व्यायाम होतो.

२० फेब्रुवारी
मागच्या गेटवर पांढरी गाडी. दुसऱ्याच कुणाची होती. तरी हाफ डे टाकला.
आईने गाणं ऐकलं. शेजारच्या मिनलने दाखवलं. म्हणाली, चांगलं हाय, पण वरडतोस लई. आन् ब्रेक म्हंजी त्योच का, तुजा? म्हणालो, सगळ्यांचाच. मग ती बराच वेळ भांडी घासत होती.

२४ फेब्रुवारी
सोनूभाऊचा फोन. हा अण्णासाहेबांचा माणूस. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते हाच कळवतो. म्हणाला, ते नऊवालं गाणं तूच केलंय ना राव? माझ्या तोंडून निघालं, एहसानने केलंय.
तसं खोटं नाही. बीट त्याचाच आहे.
तो म्हणाला, त्यालाही आण. एक तारखेला साहेबांचा वाढदिवस आहे. स्टेजवर गायचं. फोन ठेवताना हसला. हसण्याचा अर्थ लागत नाही. मोबाइलची रिंग बंद करून ठेवली. बॅटरी वाचते.

२५ फेब्रुवारी
गॅरेजवर जाऊन एहसानला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, माझं नाव का सांगितलंस? म्हणालो, तुझं श्रेय तुला मिळावं म्हणून. त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, मी येणार नाही आणि तू इकडे येत जाऊ नकोस, अम्मी घाबरते. त्याची अम्मी, ताजुन्निसाखाला, मागे घरातच होत्या. एरवी चहा विचारतात.
लोक किती लवकर घाबरतात.

२७ फेब्रुवारी
गाण्याची स्टेजसाठी नवी आवृत्ती केली. कुणी सांगितलं नव्हतं. कलावंताने स्वतःला मोडून पाहिलं पाहिजे.
नऊ नऊ नऊ नऊ, साहेबांची गाडी
गरिबाच्या डोक्यावर मायेची साडी
‘भीत नाय’च्या जागी ‘नमस्कार’. ठोक्यावर बसतं.

१ मार्च
मांडव, क्रेनला टांगलेला हार, गर्दी. मला शाल मिळाली. माईकचा स्टँड घट्ट धरला. स्पीकरमुळे स्टेजच थरथरत होतं. नवी आवृत्ती म्हटली. ‘मायेची साडी’ला कुणीतरी हसलं. दुसऱ्या ‘नमस्कार’ला अण्णासाहेबांनी हात वर केला. गाणं थांबलं. मला घराचा रस्ता आठवेना.
साहेब म्हणाले, साडी कुणाला रे? मी म्हणालो, भावार्थाने. ते म्हणाले, हे काय आरती लावलीस राव? सिनेमातलं म्हण. ब्रेकवालं. त्यात दम आहे. ऐकल्यावर लोकांना कळलं पाहिजे कोण आलंय.
मला वाटलं चाचणी आहे. म्हणालो, साहेब, ते तुमच्यावर नाही. ते म्हणाले, माझ्यावर नाही तर कुणावर? नंबर माझा आहे ना? सोनूभाऊने मूळ गाणं लावलं. आमच्या ब्रेकवर याची माडी, यावर साहेब स्वतः नाचले. दोन्ही हातांनी माडी दाखवली. भोवती सगळे ‘भीत नाय’ म्हणत होते. माईक चालू होता. मी चुकून ‘नमस्कार’ म्हणालो.

२ मार्च
शांत डोक्याने विचार केला. हा विजय आहे. ज्याच्यावर लिहिलं त्यालाच नाचवलं. एहसानला हे कळवलं. थोड्या वेळाने त्याने लिहिलं, तो ठोका माझ्या अब्बांचा आहे, माझं नाव काढ.
प्रितम सरांना सांगतो.

१२ मार्च
ब्रेक मिळाला. सोनूभाऊला शालीची आठवण करून दिली. तो म्हणाला, शाल वेगळी, ब्रेक वेगळा. सगळ्यांना सारखं.
विश्रांतीची गरज होतीच. अल्बम लिहायचाय.

१० एप्रिल
फोन आला नाही. आई म्हणाली, गेटवर जाऊन हुबा ऱ्हा, तोंड दिसंल. गेलो. ब्रेकवरची बरीच पोरं सावलीत उभी होती. मला कुणी ओळखलं नाही.
अण्णासाहेबांनी गाडीत मोठे स्पीकर बसवलेत. आधी एहसानच्या वडिलांची हातोडी ऐकू आली, मग माझा आवाज. गाडी अजून वळणापलीकडेच होती. पोरांनी मोबाइल खिशात टाकले, विड्या विझवल्या आणि रस्ता सोडून कुंपणाला चिकटून उभी राहिली.
मीही राहिलो.